आवाज येतोय, चित्र अडकतंय

पालकहो, गेल्या महिन्यात मी लेकीवर उगाच ओरडले, ते आधी कबूल करून टाकते. ती अकरावीला. रोज रात्री फिजिक्सचं लेक्चर लावायची आणि दहा मिनिटांत ‘लॅपटॉप चालत नाहीये’ म्हणत उठायची. लॅपटॉप तिच्या मामाने वापरून दिलेला, 2014 चा. मला वाटलं, अभ्यास टाळायची सबब. नाहीतर नव्या लॅपटॉपसाठी लावलेला लकडा. चाळीस-पन्नास हजारांचा खर्च डोळ्यांपुढे आला की आपला आवाज आपोआप चढतो.

चौथ्या दिवशी ती रडकुंडीला आली. “अगं आई, आवाज नीट येतोय. नुसतं चित्र अडकतंय!” हे ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. मी ऐकलंच नव्हतं.

आणि अर्धं निदान तर त्यातच होतं. मधोमध गोल चक्र फिरतंय, आवाज-चित्र दोन्ही ठप्प, तर बहुधा नेट कमी पडतंय. पण आवाज पुढे जातोय आणि फळ्यावरचा सरांचा हात झटके खात चाललाय, तर धाप लागलीये ती लॅपटॉपला. आम्ही मात्र तीन दिवस बिचारा राउटर बंद-चालू करत होतो.

मग मी तिच्या शेजारी जाऊन बसले. यूट्यूबच्या चित्रावर राइट क्लिक केलं की ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ असा पर्याय येतो. तो मला नाही, तिला ठाऊक होता! कोपऱ्यात काळी चौकट उघडली, तीत गळलेल्या फ्रेम्सचा आकडा डोळ्यांदेखत वाढत होता. हल्ली व्हिडिओ व्हीपी9, एव्ही1 अशा नव्या पद्धतींनी आवळून पाठवतात. डेटा कमी लागतो, पण ते गाठोडं सोडवायला मेहनत जास्त. इंटेलच्या प्रोसेसरच्या सातव्या पिढीपासून चिपमध्येच व्हीपी9 सोडवायची पूर्ण सोय आली, एव्ही1 ची अकराव्या पिढीपासून. आमच्या लॅपटॉपमधला आय3 प्रोसेसर चौथ्या पिढीतला. त्याला सगळं एकट्याने ओढावं लागत होतं.

उपाय साधे निघाले. ब्राउझरसाठी एक छोटं एक्स्टेन्शन मिळतं, ते यूट्यूबकडून जुन्या एच.264 पद्धतीचा व्हिडिओ मागवतं. तो जुन्या चिपलाही सहज झेपतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये चिपची ही मदत घेणारं हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन बंद पडलं होतं, ते चालू केलं. क्वालिटी 1080 वरून 480 वर आणली, तर सूत्रांतले बारीक आकडे पुसट दिसायला लागले. लेकीने आपणहून 720 ठरवलं. आणि मागे उघड्या ठेवलेल्या सतरा टॅब. त्यांवर मी काही बोलले नाही, माझ्या फोनवर त्याहून जास्त असतात.

एक गोष्ट मात्र माझ्याच अंगाशी आली. लॅपटॉप उचलला तर खालून चटका बसला. ‘थंडीची खाली कशाला बसतेस, गादीवर बस’ असं म्हणून रजई मीच दिली होती. त्या रजईने लॅपटॉपच्या खालच्या जाळ्या बुजल्या, हवा कोंडली. आणि तापलेला प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो.

आता लॅपटॉप लाकडी पाटावर असतो, खालच्या जाळ्या मोकळ्या राहतात. आणि सकाळी पूजेच्या वेळी आजी घरभर पाट शोधत फिरते.