फोन करावा, मेसेज टाकावा की कागद द्यावा?

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीतल्या केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल लावला. आज त्याच हातातल्या यंत्रावर कॉल, एसएमएस, व्हॉट्सॲप, ईमेल, बातम्या असं सगळं येतं. एकाच पडद्यावर दिसतात म्हणून ही माध्यमं एकसारखी आहेत असं वाटू लागतं आणि तिथेच गफलत होते. कॉल आणि एसएमएस पोहोचायला इंटरनेट पॅक लागत नाही, व्हॉट्सॲपला लागतो. सहीशिक्क्याची पोच मात्र कागदावरच मिळते. म्हणून आधी निरोप बघा, माध्यम त्यानंतर ठरवा.

काय करावं

• तीन प्रश्न विचारा. उत्तर आत्ताच हवं आहे का? पुढे पुरावा लागेल का? निरोप किती जणांना द्यायचा आहे? पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर फोन, दुसऱ्याचं ‘हो’ असेल तर लेखी आणि माणसं बरीच असतील तर ग्रुप.

• फोन उचलला नाही तर कारण लिहा. नुसतं ‘लगेच फोन कर’ वाचून समोरच्याच्या पोटात गोळा येतो. ‘काळजीचं काही नाही, कपाटाची किल्ली कुठे आहे?’ एवढं लिहिलं की काम होतं.

• रेंज नावापुरतीच असेल तर एसएमएस पाठवा. घाटात किंवा जत्रेच्या गर्दीत कॉल तुटतो, नेट फिरत राहतं. एसएमएस इवलासा असतो आणि नेटवर्कच्या नियंत्रणासाठी असलेल्या वाटेने जातो, त्यामुळे तो बरेचदा निसटून पोहोचतो.

• मराठी एसएमएस आटोपशीर ठेवा. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० वर्ण मावतात, देवनागरीत ७०. काना, मात्रा, वेलांटी हे प्रत्येक चिन्ह वेगळं मोजलं जातं. ‘नाही’ दिसायला दोन अक्षरं, हिशेबात चार. ‘उद्या सकाळी ७ ते ११ पाणी येणार नाही. टाकी भरून ठेवा.’ हा निरोप ५२ वर्णांत बसतो. ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की’ अशी सुरुवात केलीत, तर ‘येणार नाही’ दुसऱ्या एसएमएसमध्ये जाईल.

• पैसा किंवा हक्क गुंतला असेल तर कागद द्या. सोसायटीकडे गळतीची तक्रार असो वा घरमालकाला नोटीस, अर्ज दोन प्रतींत करा. एक प्रत द्या. दुसरीवर सही, शिक्का, तारीख आणि असल्यास आवक क्रमांक घ्या. परगावी स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे.

• मेसेज पुरावा ठरणार असेल तर मूळ फोन सांभाळा. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलेलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं.

• आपत्तीच्या सूचना चालू ठेवा. कर्कश आवाज करून पडद्यावर उमटणारा सरकारी इशारा सेल ब्रॉडकास्टने येतो. त्यासाठी तुमचा नंबर कुणाकडे असावा लागत नाही; टॉवरच्या टापूतल्या फोनवर तो एकदम उमटतो. शेतात काम करणाऱ्यांनी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप घ्यावं.

• सेलवर चालणारा रेडिओ घरात असू द्या. वादळात वीज गेली आणि टॉवरच्या बॅटऱ्याही उतरल्या की नेट जातं, आकाशवाणी ऐकू येत राहते. फोनमध्ये एफएम असेल तर वायरचा इअरफोन जवळ ठेवा. ती वायरच त्याची अँटेना.

• फोनचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, लिहून ठेवा. *#०६# दाबलं की हा १५ आकडी क्रमांक दिसतो. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार करून सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरून तो ब्लॉक करता येतो. क्रमांक मात्र वहीत लिहा. फोनमध्येच ठेवला तर फोनबरोबर तोही गेला.

काय टाळावं

• वाईट बातमी आधी ग्रुपवर टाकू नका. सख्ख्या बहिणीला भाऊ गेल्याचं फॅमिली ग्रुपवरच्या हात जोडलेल्या चिन्हांवरून कळू नये. जवळच्यांना फोन आधी, ग्रुप मागाहून.

• निळ्या टिकेला होकार समजू नका. मेसेज उघडला, एवढंच तिच्यावरून कळतं. ‘आलो’, ‘चालेल’, ‘मिळालं’ यांपैकी काहीतरी लिहून घ्या.

• पत्ता, वेळ, खाते क्रमांक व्हॉइस मेसेजमध्ये सांगू नका. ऐकणाऱ्याला कागद-पेन शोधून तीनदा मागेपुढे करावं लागतं आणि महिन्याभराने शोधायचं म्हटलं तर सापडत नाही.

• कुणाची थकबाकी ग्रुपवर जाहीर करू नका. वैयक्तिक गोष्ट वैयक्तिकच कळवा. ग्रुपवर झालेलं भांडण डिलीट करता येतं, पण तोवर चार जणांनी स्क्रीनशॉट काढलेला असतो.

• एसएमएसचं शेपूट न बघता लिंक उघडू नका. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर असतं: जी म्हणजे सरकारी, टी म्हणजे व्यवहाराचा, एस म्हणजे सेवेचा, पी म्हणजे जाहिरातीचा. ‘बँकेचा’ मेसेज साध्या दहा आकडी नंबरावरून आला तर तिथेच थांबा.

• कुणी सांगितलं म्हणून *४०१* दाबून पुढे नंबर फिरवू नका. त्याने तुमचे कॉल दुसऱ्याच्या फोनकडे वळू शकतात आणि कॉलवर सांगितला जाणारा ओटीपीही त्यालाच ऐकू जातो. तसंच ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरची अटक, अशी गोष्ट कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी दिसली तरी फोन ठेवा. पैसे गेलेच तर तासभर हळहळत न बसता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.

• रेंज नाही म्हणून आणीबाणीच्या ११२ क्रमांकाचा प्रयत्न सोडू नका. तुमच्या कंपनीचा टॉवर जवळ नसला तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून हा कॉल लागू शकतो.

• रेंज नसलेल्या गडावर फोन उगाच चालू ठेवू नका. टॉवर शोधण्यातच बॅटरी संपते. फ्लाइट मोडवर टाका आणि गरजेपुरता चालू करा.

• जुना नंबर बेफिकिरीने बंद पडू देऊ नका. काही काळाने कंपनी तो दुसऱ्या ग्राहकाला देते आणि तुमच्या बँकेचे मेसेज त्याच्याकडे जाऊ लागतात. आधी बँक, आधार, गॅस एजन्सी सगळीकडे नवा नंबर नोंदवा.

• ‘ग्रुपवर टाकलं होतं’ म्हणून हात झटकू नका. साध्या बटणांच्या फोनवर भागवणारे आजोबा त्या ग्रुपवर नाहीत. पाणी त्यांच्याकडेही येणार नाहीये. जिन्याखालच्या फलकावर सूचना लावा आणि त्यांना एक फोन करा.