नऊ टक्के एरर, पण कशाचे?

आमच्या विंगमध्ये एकाला टाइप वन डायबेटिस आहे. त्याच्या दंडावर सेन्सर असतो आणि मोबाइलवर दर पाच मिनिटांनी शुगर दिसते. किती अचूक असतं हे? विचारलं की उत्तर येतं, "नऊ टक्के एरर." आता आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा पुढचा प्रश्न हवाच : कशाचे नऊ टक्के?

या आकड्याला मार्ड म्हणतात. सेन्सर आणि लॅब यांचं रीडिंग एकाच वेळी घ्यायचं, फरकाला लॅबच्या रीडिंगने भागायचं, प्लस-मायनस सोडून द्यायचं आणि अशा सगळ्या टक्क्यांची सरासरी काढायची. डेक्सकॉम जी-सिक्सचा मार्ड साधारण ९ टक्के, पहिल्या फ्रीस्टाइल लिब्रेचा ११.४ टक्के होता.

गोची त्या प्लस-मायनसमध्ये आहे. खरी शुगर ६० असताना सेन्सरने ४८ दाखवलं काय किंवा ७२ दाखवलं काय, एरर तीच, २० टक्के. पण ७० च्या खाली म्हणजे हायपो! ४८ दिसलं तर तो साखर खाईल. ७२ दिसलं तर कदाचित झोपून जाईल.

दुसरी गोष्ट वेळेची. सेन्सरची बारीक तार रक्तात नसतेच. ती कातडीखाली, पेशींच्या मधल्या द्रवात असते. तिथे ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइममुळे ग्लुकोजच्या प्रमाणात करंट मिळतो. रक्तातला बदल तिथे पोचायला मात्र साधारण ५ ते १० मिनिटं लागतात. थर्मोकपलचं प्रॅक्टिकल आठवा (जर्नल तरी आठवत असेलच!) : गरम पाण्यात बुडवलं तरी रीडिंग हळूहळू चढतं. इथेही तसंच. फुटबॉल खेळताना शुगर मिनिटाला ३ ने उतरतेय आणि ८ मिनिटांचा उशीर आहे असं धरा. फरक २४ चा. सेन्सर म्हणतो ९०, रक्तात ६६! सेन्सर बिघडलेला नाही बरं का. म्हणून आकड्याशेजारचा बाणही बघायचा असतो.

उलटही होतं. झोपेत त्याच दंडावर वजन पडलं की खोटा लो दिसतो आणि रात्री दोनला अख्खी रूम अलार्मने जागी होते.

तरी बोट टोचणं ही एका क्षणाचीच माहिती, आणि मीटरलाही एरर असतेच. २०१६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने डेक्सकॉम जी-फाइव्हच्या रीडिंगवरून इन्सुलिनचा डोस ठरवायला परवानगी दिली, ती उगीच नाही. माझं म्हणणं एवढंच, की जाहिरातीत ७० च्या खालची अचूकता वेगळी छापावी.

रूममेट्ससाठी : त्याला घाम फुटलाय, हात थरथरतायत आणि मोबाइल ९० म्हणतोय, तर मीटरवर तपासा. मीटर हाताशी नसेल तर सरळ साखर द्या. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, आधी १०८ ला फोन करा आणि रेक्टरना उठवा.