नाग मुंगसाला पचतो, मग केंड माणसाला का नाही?

प्रश्न : मुंगूस नाग मारून खातं, तरी त्याला विष बाधत कसं नाही? आणि केंड मासा कुणाला चावत नसताना विषारी कसा?

उत्तर : विष अंगात कोणत्या वाटेनं शिरतं, ते आधी पाहू. काही प्राणी विष टोचतात. काहींचं विष त्यांना खाल्ल्यावर भिनतं.

नागाचं विष म्हणजे मुख्यतः प्रथिनं. दातांवाटे ती मांसात उतरली की घात होतो. गिळली, तर जठरातलं आम्ल आणि पाचकरस डाळीतल्या प्रथिनांसारखेच त्यांचेही तुकडे करतात. म्हणून मेलेला नाग मुंगसाला पचतो. झुंजीत दंश झालाच, तर मुंगसाच्या स्नायूंवरची जी जागा नागविषाच्या रेणूंनी धरायची, तिची घडणच थोडी निराळी असते. विष तिथे नीट चिकटत नाही. मुळी खाऊन मुंगूस विष उतरवतं, ही निव्वळ दंतकथा.

हे वाचून सर्पदंशाची जखम चोखायला मात्र कुणी जाऊ नये. हिरडीला बारीकशी जखम असली तरी विषाला तेवढी वाट पुरते, आणि चोखून फारसं विष निघतही नाही.

केंडाचं प्रकरण वेगळं. त्याचं टेट्रोडोटॉक्सिन हे प्रथिन नव्हेच. तो एक छोटा, चिवट रेणू आहे. कालवण कितीही उकळा, तो नासत नाही आणि आतड्यातून सरळ रक्तात जातो. मग मज्जातंतूंचे संदेश अडतात, ओठांना मुंग्या येतात, शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. घोड्यांना विषाच्या वाढत्या मात्रा टोचून सर्पविषावर प्रतिविष करता येतं. केंडाच्या विषावर असा उतारा नाही. विष ओसरेपर्यंत डॉक्टर यंत्रानं श्वास चालू ठेवतात, एवढंच. गंमत म्हणजे हे विष केंड स्वतः बनवत नाही. ते जिवाणूंचं, खाद्यातून येऊन यकृतात आणि गाभोळीत साठतं. बंदिस्त जागी निवडक खाद्यावर वाढवलेल्या केंडात ते जवळजवळ नसतंच.

दोन्ही कला अंगी असलेला प्राणीही आहे. जपानमधला यामाकागाशी साप मागच्या दातांनी विष टोचतो, शिवाय विषारी भेक खाऊन त्यांचं विष मानेवरच्या ग्रंथींत साठवतो. किन्कासान बेटावर भेक नाहीत. तिथल्या यामाकागाशींच्या मानेत ते विषही सापडत नाही.

आणि दुधात पडलेली पाल? आपल्या घरातली पाल विष टोचतही नाही, तिच्या अंगात ते साठतही नाही. तिच्या विष्ठेतले जिवाणू मात्र उलट्या-जुलाब घडवू शकतात. तेव्हा दूध खुशाल ओतून द्या, पालीला तेवढं मारू नका.