लोकशाहीचे राखणदार : अमेरिकेतील वर्णसंघर्षाचा एक अभ्यास

हक्काचे कलम घटनेत लिहिले गेले की हक्क मिळाला, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. परंतु कागदावरील हक्क दहशतीच्या जोरावर हिरावून घेता येतो, याचा ठळक पुरावा अमेरिकेच्या इतिहासात सापडतो. या लेखात आपण त्या इतिहासाचा थोडक्यात अभ्यास करू.

हा इतिहास आपल्याला परका नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहिले. अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीत मोठे साम्य असल्याचे त्यात नमूद करून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे द्यावयाच्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत त्यांनी मागितली. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’चे नावही अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरूनच आले.

हक्क मिळाले आणि गेले

यादवी युद्धानंतर १८६५ साली गुलामगिरी रद्द झाली व सुमारे ४० लाख माणसे मुक्त झाली. १८६८ च्या घटनादुरुस्तीने त्यांना नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण मिळाले. १८७० च्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी झाली. त्याच वर्षी हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सदस्य अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसले.

हे ज्यांना सहन झाले नाही, त्यांनी ‘कू क्लक्स क्लॅन’सारख्या गुप्त संघटना उभारल्या. तोंडे झाकून रात्री घरांवर चालून जायचे, मतदारांना फटके मारायचे, पुढाऱ्यांचे खून करायचे, ही त्यांची रीत. मतपेटीत जे जिंकता येत नव्हते, ते त्यांना भीतीने जिंकायचे होते.

सरकारने मनावर घेतले तेव्हा ही दहशत मोडता आली, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. १८७१ साली क्लॅनविरोधी कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलिनातील नऊ जिल्ह्यांत सैन्य वापरून शेकडो लोकांना अटक करविली आणि क्लॅनचा कणा मोडला.

परंतु हा निर्धार टिकला नाही. १८७३ साली लुइझियानातील कोलफॅक्स येथे कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. त्या खटल्यातील दोषींची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १८७६ साली रद्द ठरविली. चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी व्यक्तींना नव्हे, असा त्याचा अर्थ लावला गेला. १८७७ साली केंद्रीय सैन्याचा पहाराही उठला. १८९८ साली उत्तर कॅरोलिनातील विल्मिंग्टन शहरात सशस्त्र जमावाने लोकनियुक्त नगर सरकार उलथून टाकले व कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे कार्यालय जाळले. कोणालाही शिक्षा झाली नाही.

मग दहशतीचे काम कायद्यानेच सुरू झाले. मतदानासाठी कर आणि वाचनाची परीक्षा अशा अटी घालण्यात आल्या. लुइझियानात १८९६ साली कृष्णवर्णीय मतदारांची संख्या सुमारे १ लाख ३० हजार होती. १९०४ साली ती जेमतेम १,३४२ उरली. घटनादुरुस्ती मात्र जागच्या जागी होती!

हक्क परत कसे मिळविले?

१९०९ साली स्थापन झालेल्या ‘एनएएसीपी’ या संस्थेने वर्षानुवर्षे न्यायालयात झुंज दिली. १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला. डिसेंबर १९५५ मध्ये माँटगोमेरी शहरातील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. मोलकरणी, कामगार, विद्यार्थी ३८१ दिवस पायी चालले किंवा एकमेकांच्या मोटारींतून गेले. ३० जानेवारी १९५६ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. संतप्त लोक हत्यारे घेऊन जमले, तेव्हा किंग यांनी त्यांना शांतपणे घरी परतावयास सांगितले. त्या रात्री एक दंगल झाली असती, तर संपूर्ण चळवळ चिरडण्यास सत्ताधाऱ्यांना निमित्त मिळाले असते.

१९६५ साली मताधिकार कायदा झाला. त्यापूर्वी मिसिसिपीत केवळ ७ टक्क्यांच्या आसपास कृष्णवर्णीयांची नोंदणी होती. १९६७ पर्यंत ती सुमारे ६० टक्के झाली.

आणखी एक उदाहरण पाहा. १९८१ साली अलाबामातील मोबाईल शहरात मायकेल डोनाल्ड या १९ वर्षांच्या तरुणाला क्लॅनच्या माणसांनी ठार मारून झाडाला लटकविले. मारेकऱ्यांना शिक्षा झाली, पण त्याची आई ब्यूला मे डोनाल्ड तेवढ्यावर थांबली नाही. तिने संपूर्ण संघटनेवरच दिवाणी दावा लावला. १९८७ साली सर्व गोऱ्या ज्युरीने ७० लाख डॉलर भरपाईचा निर्णय दिला, आणि त्या संघटनेला आपल्या मुख्यालयाची इमारत या माऊलीच्या हवाली करावी लागली.

लढा संपलेला नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने मताधिकार कायद्याची महत्त्वाची तरतूद निकामी केली. ६ जानेवारी २०२१ रोजी निवडणुकीचा निकाल थोपविण्यासाठी जमावाने संसद भवनावर हल्ला केला.

आपण काय शिकावे?

१) अतिरेकी नेहमीच संख्येने मोठे असतात असे नाही. प्रशासन, न्यायालय आणि सज्जन समाज मागे सरतात, तेव्हा त्यांचे फावते.

२) कायदा हवा, पण अंमलबजावणीसाठी पाठपुरावा करणारी संघटनाही हवी. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला होता. चवदार तळ्याचे पाणी मात्र २० मार्च १९२७ रोजी स्वतः जाऊन प्यावे लागले.

३) हिंसेला हिंसेने उत्तर देणे म्हणजे शत्रूने मांडलेल्या डावात उतरणे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सनदशीर मार्गाचाच आग्रह धरला. राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर ती टिकणार नाही, असेही त्यांनी बजावले.

मित्रहो, मतदार यादीत आपले नाव तपासणे, अन्यायाची तक्रार लेखी नोंदविणे, साक्ष द्यायला न घाबरणे, ही कामे लहान दिसतात. ब्यूला मे डोनाल्ड हिने तरी दुसरे काय केले? ती फक्त मागे हटली नाही. लोकशाहीला असेच राखणदार हवे असतात.

अभ्यासमंडळासाठी प्रश्न : (१) १८७१ साली क्लॅनचा बीमोड झाला, तरी १९०४ पर्यंत मताधिकार कसा गेला? (२) माँटगोमेरीचा बहिष्कार आणि महाडचा सत्याग्रह यांत साम्य व भेद कोणते? (३) आपल्या वस्तीतील किती तरुणांची नावे मतदार यादीत आहेत?