विषादावर वनस्पतींची घनसत्त्वे : परीक्षेचे तीन टप्पे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विषादाची गणना ८० वातज नानात्मज विकारांत केली आहे, तसेच रोग वाढविणाऱ्या भावांत त्यास अग्रस्थान दिले आहे. तेव्हा हा विषय आपणांस नवा नाही. तथापि, अमुक वनस्पतीचे घनसत्त्व विषादावर गुणकारी ठरल्याचे वाचनात येते, तेव्हा ते कशावरून ठरले हे पाहणे वैद्याचे कर्तव्य होय. प्रस्तुत लेखात आम्ही या परीक्षेचे तीन टप्पे मांडीत आहोत.

पहिला टप्पा द्रव्यनिश्चितीचा. शंखपुष्पी या एकाच नावाने कॉन्व्हॉल्व्ह्युलस, इव्हॉल्व्ह्युलस आणि गोकर्ण या भिन्न वनस्पती वापरल्या जातात. शिवाय जलीय व मद्यार्कीय घनसत्त्वांतील घटक सारखे नसतात. म्हणून एकाचा निष्कर्ष दुसऱ्यास लावता येत नाही.

दुसरा टप्पा प्राण्यांवरील. पोर्सोल्ट यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या जलतरण परीक्षेत उंदरास पाण्याच्या पात्रात ६ मिनिटे ठेवून शेवटच्या ४ मिनिटांतील त्याचा निश्चलतेचा काळ मोजतात. इमिप्रामिनने हा काळ घटतो. घनसत्त्वानेही तो घटल्यास ते आशादायक मानतात. परंतु केवळ उत्तेजक द्रव्यानेही निश्चलता घटते. म्हणून प्राण्याची सर्वसाधारण हालचाल स्वतंत्रपणे मोजणे आवश्यक असते. शिवाय उंदरात हा परिणाम काही तासांत दिसतो, तर रुग्णास इमिप्रामिनचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. उंदराची निश्चलता म्हणजे रुग्णाचा विषाद नव्हे.

तिसरा आणि निर्णायक टप्पा रुग्णांवरील. युरोपातील हायपेरिकम या वनस्पतीचे अमेरिकेत ३४० रुग्णांवर परीक्षण झाले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत मुख्य निकषांवर हायपेरिकम प्लासिबोहून सरस ठरले नाही. तुलनेस घेतलेले सर्ट्रालिनही ठरले नाही. उलट २००८ च्या कॉक्रेन समीक्षेत २९ परीक्षणांच्या आधारे ते प्लासिबोहून सरस आढळले. एकाच परीक्षणावरून निर्णय करू नये, हा यातील बोध.

या विवेचनाचा आपल्या चिकित्सेशी थेट संबंध आहे. विषादाचा रुग्ण पुष्कळदा आधुनिक औषधे घेत असतानाच आपल्याकडे येतो. हायपेरिकममुळे सायक्लोस्पोरिन व गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव घटतो आणि सेरोटोनिन वाढविणाऱ्या औषधांसमवेत ते धोकादायक ठरू शकते. ‘वनस्पती म्हणून निरुपद्रवी’ हा समज त्याज्य होय.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना आमची नम्र विनंती आहे. रुग्णाची सर्व औषधे विचारून नोंदवावीत. चालू औषध त्यास एकाएकी बंद करू देऊ नये. आत्मघाताचा विचार मनात येतो काय, हे स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. उत्तर होकारार्थी असल्यास त्यास एकटे न सोडता तत्काळ मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. सत्त्वावजय चिकित्सेचा आरंभ रुग्णाचे ऐकून घेण्यातच आहे.