साथीच्या काळातील शोक आणि गावाची जबाबदारी

साथीचा रोग आला म्हणजे शासनयंत्रणेचे लक्ष साहजिकच रुग्ण, औषधे, खाटा आणि प्राणवायू यांच्याकडे लागते. मृत्यूची नोंद झाली की त्या रुग्णापुरते यंत्रणेचे काम संपते. कुटुंबाचे दुःख मात्र तेथून सुरू होते. १८९६ मध्ये मुंबईत गाठीच्या प्लेगची साथ पसरल्यावर १८९७ मध्ये साथरोग अधिनियम करण्यात आला. तपासणी, विलगीकरण आणि शिक्षा यांची तरतूद त्यात होती. मागे राहिलेल्यांविषयी त्यात एक शब्दही नव्हता. कोविड-१९ च्या साथीने हाच अपुरेपणा पुन्हा समोर आणला.

महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये पहिले रुग्ण आढळले. या साथीत राज्यात १ लाख ४८ हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. अशा प्रत्येक मृत्यूमागे सरासरी नऊ निकटचे आप्त शोकग्रस्त होतात, असा अंदाज अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मांडला. तेच प्रमाण येथे धरले, तरी एकट्या महाराष्ट्रात तेरा लाखांवर माणसे शोकात लोटली गेली असे म्हणावे लागते. एवढ्यांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ कोणत्याही राज्यात नसतात. त्यामुळे शोकग्रस्तांना आधार देण्याचे बरेचसे काम गावालाच करावे लागते.

साथीने काय तोडले

मृत्यूनंतर माणसाने एकटे राहू नये, अशी व्यवस्था आपल्या समाजाने पूर्वीपासून करून ठेवली आहे. खांदा द्यायला भावकी येते, शेजारच्या घरातून भाकरी येते, तिसऱ्या दिवशी राख सावडली जाते, दहाव्याला व तेराव्याला नातेवाईक जमतात. मुसलमान बांधवांत मृतदेहाला स्नान घालून जनाजाची नमाज होते. ख्रिस्ती कुटुंबांत प्रार्थनेसाठी सारी आळी गोळा होते. मृत्यू खरोखर झाला आहे हे मनाला पटवणे आणि दुःख वाटून घेणे, ही दोन कामे हे विधी करतात.

साथीत ही साखळी तुटली. रुग्णवाहिकेतून नेलेला माणूस परत दिसला नाही. अंत्यविधीला वीसपेक्षा अधिक माणसांना मनाई होती. प्रत्यक्षात भीतीपोटी चौघेही आले नाहीत. अनेक स्मशानभूमींत अस्थी न्यायला कोणी फिरकले नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्ये काढलेल्या सूचनांत मृतदेहाला आंघोळ घालण्यास व मिठी मारण्यास मनाई होती. परंतु पिशवी उघडून चेहऱ्याचे अंतिम दर्शन घेण्यास, स्पर्श न करता मंत्रपठण वा जलसिंचन करण्यास परवानगी होती. अस्थींपासून धोका नसून त्या गोळा करता येतील, असेही त्यांत नमूद होते. नियमाने जेवढे दिले होते, तेवढेही पुष्कळ कुटुंबांच्या वाट्याला आले नाही, याचे कारण नियमाची माहिती नसणे हे होय. पुढील साथीत ही माहिती पहिल्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे.

साथीतील शोकाला आणखी एक काटा असतो. ‘आजार माझ्यामुळेच घरात आला’, ‘दवाखान्यात न्यायला मीच उशीर केला’ हा अपराधभाव माणसाला आतून पोखरतो. त्यात गावाने कुटुंबाला वाळीत टाकल्यासारखे वागवले, तर दुःखाला लाजेची जोड मिळते.

आधार कसा द्यावा

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये आपत्तीतील मानसिक प्रथमोपचाराची सोपी पद्धत प्रसिद्ध केली. पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे, ही तिची तीन सूत्रे आहेत. ती अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक, सदस्य अशा कोणालाही अंगीकारता येतात.

पाहणे म्हणजे घरात अन्न आहे का, चूल पेटते का, लहान मूल वा म्हातारे माणूस दुर्लक्षित आहे का, याची विचारपूस करणे. ऐकणे म्हणजे समोरचा बोलेल तेवढे बोलू देणे, न बोलल्यास शांतपणे बसून राहणे. ‘देवाची मर्जी’, ‘आता सावरायला हवे’, ‘दुसऱ्यांचे याहून वाईट झाले’ ही वाक्ये सांत्वनासाठी उच्चारली जात असली, तरी त्यांनी ऐकणाऱ्याचे तोंड बंद होते. त्यापेक्षा ‘वहिनी, आज काही खाल्लेत का?’ आणि ‘मी शुक्रवारी पुन्हा येतो’ एवढे बोलणे पुरेसे असते. मात्र शुक्रवारी खरोखर गेले पाहिजे. तेराव्यानंतर येणारी-जाणारी माणसे थांबतात. म्हणून दुसऱ्या व तिसऱ्या महिन्यातील भेट पहिल्या आठवड्यातील भेटीइतकीच महत्त्वाची असते.

जोडून देणे म्हणजे कुटुंबाची योग्य कार्यालयाशी गाठ घालून देणे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. जमिनीच्या वारसाची वर्दी तीन महिन्यांत तलाठी कार्यालयात द्यावयाची असते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कर्ता माणूस गेल्यास राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्य योजनेतून २० हजार रुपये मिळतात. कोविडने मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याचा निर्णय २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर झाला. ही कामे रुक्ष वाटतात. पण रडणाऱ्या माणसाला पाच खिडक्यांवर उभे राहावे लागू नये, हेही सांत्वनच आहे.

मुले आणि शाळा

मुलांचा शोक मोठ्यांसारखा दिसत नाही. मूल खेळताखेळता मध्येच चिडते, अंथरूण ओले करते, अभ्यासात मागे पडते किंवा अकाली शहाण्यासारखे वागू लागते. ‘बाबा गावाला गेलेत’ असे सांगितल्यास ते वाट पाहत राहते. ‘बाबा आजाराने मरण पावले, ते परत येणार नाहीत, यात तुझी काही चूक नाही’ असे साध्या शब्दांत सांगणे हिताचे ठरते. शिक्षकांनी अशा मुलाला वर्गासमोर उभे करून कणव दाखवू नये. नेहमीचे वेळापत्रक, एक लक्ष ठेवणारा शिक्षक आणि एक सोबती, एवढे त्याला आवश्यक असते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची माहिती पालकास देणे हेही शाळेचेच काम मानावे. ज्या सावित्रीबाईंचे नाव या योजनेला दिले आहे, त्यांनी १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच देह ठेवला.

विधवांचा प्रश्न

पतीच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा दुःखात अपमानाची भर घालतात. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठराव करणे सोपे असते. अंत्यविधीच्या वेळी तो पाळला जावा म्हणून सरपंच वा महिला सदस्य त्या घरी जातीने उपस्थित राहिल्या, तरच त्याला अर्थ येतो.

तज्ज्ञांची गरज केव्हा

शोक हा आजार नव्हे. बहुतेक माणसे सोबतीच्या बळावर हळूहळू सावरतात. परंतु सहा महिन्यांहून अधिक काळ, समाजाच्या रूढ मर्यादेपलीकडे, मृताची तीव्र ओढ व वेदना टिकून दैनंदिन व्यवहार ठप्प झाले, तर त्यास दीर्घकालीन शोकविकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात त्याचा समावेश आहे. जगणे नको, असे कोणी बोलून दाखवल्यास मात्र सहा महिने तर सोडाच, एक दिवसही थांबू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.

पंचायतीने करावयाची तयारी

या कामासाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने चार-पाच विश्वासू व्यक्तींचे, त्यात निदान दोन स्त्रिया असलेले, शोकसोबती पथक नेमावे. प्रत्येक मृत्यूनंतर पहिल्या आठवड्यात, महिन्याने, तिसऱ्या महिन्यात आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास भेट द्यावी व तिची नोंद ठेवावी. साथीत ज्यांचे विधी राहून गेले, त्यांच्यासाठी निर्बंध उठल्यावर गावाने एकत्र शोकसभा घ्यावी आणि प्रत्येक मृताचे नाव तीत उच्चारले जावे. हे पथक साथ नसतानाही काम करत राहिले, तर साथ आल्यावर नव्याने उभे करावे लागणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. घराघरांतील शोक मात्र कोणत्याही घोषणेने संपत नाही. ज्या गावात अशा घरांची दारे आजही कोणी ठोठावते, त्याच गावाने साथीचे काम पूर्ण केले असे म्हणता येईल.