कुंकवाचं तबक

अगं, काल तू फोन केलास तेव्हा मागे बंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकातले हॉर्न इतके कोकलत होते, की निम्मं बोलणं वाऱ्यावर गेलं. पण एक वाक्य नीट ऐकलं आणि तेच रात्रभर डोक्यात राहिलं. "ताई, धर्म तर आपलाच आहे. मग नाही कोणत्या तोंडाने म्हणू?"

तुझ्या टीम लीडने शनिवारच्या सत्संगाचं बोलावणं तिसऱ्यांदा धाडलंय. पहिल्यांदा तू काम आहे म्हणालीस, दुसऱ्यांदा डोकं दुखतंय म्हणालीस. आता सबबी संपल्या. माणूस वाईट नाही, हे मलाही पटतं. पण तुझं अप्रेझल तोच भरतो, त्यामुळे त्याच्या साध्या "ये ना"लाही हुकमाचं वजन येतं. तू दर गुरुवारी दत्ताचा उपास करतेस, तो कुणी सांगितला म्हणून करत नाहीस. मग देवाचं नाव कुणाबरोबर आणि कधी घ्यायचं, हेही तूच ठरवायचं. आता सबब नको. सरळ मेलवर म्हण, "सर, आठवणीने बोलावलंत, बरं वाटलं. पण देवधर्म मी घरातच ठेवते. यापुढे मला बोलावू नका." एवढं स्पष्ट बोलल्यावरही चौथं बोलावणं आलं, तर तो त्रास झाला.

हे मी वरून सांगत नाहीये. माझ्या हातूनही हे घडलंय. नवी नवी लीड झाले होते. आपली खंडेनवमी ती इथली आयुधपूजा. ऑफिसच्या दारात कुंकू भरलेला कोहळा फोडला होता, खुर्च्यांना झेंडूच्या माळा होत्या. मी मोठ्या हौसेने तबक घेऊन टेबलाटेबलावर जाऊन लॅपटॉपला कुंकू लावत होते. एका मुलीने लॅपटॉप हळूच स्वतःकडे ओढला. मला दिसलं ते, तरी मी "अगं, मशीनलाच लावतेय" म्हणत बोट टेकवलंच. दुपारी पाणी घ्यायला गेले तर ती ओल्या टिश्यूचं टोक बटणांच्या फटीत घालून कुंकू काढत होती. मला पाहून ओशाळली. चूक माझी आणि ओशाळली ती, हे आजही मला सलतं.

तेव्हापासून माझं तबक माझ्याच टेबलावर असतं. ज्याला हवं तो येऊन लावून घेतो.

म्हणून ऑफिसात तुझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीबद्दल तू जाता जाता जे बोललीस, ते मला जास्त लागलं. तिचा हिजाब, रोज्यात "घोटभर पाण्याने काय होतंय" ही रोजची टोचणी, डब्यावरून होणारी चेष्टा. काहीजण तिच्या तोंडावर हिजाबचा निकाल फेकतात म्हणालीस. त्यांना सांग, कर्नाटक हायकोर्टाचा मार्च २०२२ चा तो निकाल कॉलेजच्या गणवेशाबद्दल होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. तुमच्या ऑफिसातल्या चेष्टेला त्यात कुठेच मुभा नाही.

आता तक्रार न्यायची कुठे, ते ऐक, कारण इथेच मुली चुकतात. महिलांच्या छळाविरुद्धची समिती आहे ना, मग तिकडेच जाऊ, असं वाटतं. सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल १९९७ चा, त्या समितीचा कायदा २०१३ चा, आणि तो लैंगिक छळापुरताच आहे. हिजाबवरून कुणी अश्लील बोललं, तर ती तक्रार नक्की त्या समितीकडे जाते, आणि घटनेपासून तीन महिन्यांत. निव्वळ धर्मावरून टोचलं तर ती वाट नाही. खासगी नोकरीतल्या अशा छळासाठी आपल्याकडे वेगळा केंद्रीय कायदा नाही, त्यामुळे कंपनीची आचारसंहिता आणि तक्रार निवारण समिती धरायची. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये आयटी कंपन्यांना नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या, त्या वेळच्या स्थायी आदेशांच्या कायद्यातून आणखी पाच वर्षं सूट दिली, तेव्हा अशी समिती ठेवण्याची अट घातली होती. तिच्यात मालकाचे आणि कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी समसमान हवेत. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे ही समिती सक्तीची आहे. तुमच्या समितीवर कोण आहे, हे एचआरला मेलवर विचार. विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि लिहून ठेव. तारीख, वेळ, नेमके शब्द, समोर कोण होतं. ग्रुपवरचे मेसेज पुसू नकोस. २०१५ मध्ये मुंबईतल्या एका हिरे निर्यात कंपनीने एका तरुणाला, आम्ही फक्त मुस्लिमेतर उमेदवार घेतो, असं ई-मेलने कळवलं होतं. पोलिसांत गुन्हा दाखल झाला. हेच कुणी त्याला फोनवर सांगितलं असतं, तर तो दाखवणार काय होता?

पण तिच्या वतीने परस्पर तक्रार करू नकोस हं. कदाचित तिला आत्ता नोकरी सांभाळायची असेल, घरी कळू द्यायचं नसेल. आधी तिला विचार. ती नको म्हणाली तर नको. पण टेबलावर पुन्हा चेष्टा निघाली, तर "हे थांबवा" एवढे दोन शब्द तू बोलू शकतेस. काल तू गप्प बसलीस हे तू स्वतःच सांगितलंस, आणि सांगताना तुझा आवाज उतरला होता.

उद्या डबा घेऊन तिच्या शेजारी बस. लीडला पाठवायचा मेल आज रात्री लिही आणि आधी मला वाचून दाखव. मी अकरापर्यंत जागी आहे.